गुरूचा शब्द आणि शिष्याचा कुंचला : चित्रकार ग्रो याची जीवनकथा

ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात, काचेच्या कपाटात, युरोपीय चित्रकलेचे जाडजूड ग्रंथ असत. ते घरी नेता येत नसत. तेथेच मेजाशी बसून पाहावे लागत. महाविद्यालयात शिकत असताना अशाच एका ग्रंथात मी आयलाऊच्या रणभूमीचे चित्र प्रथम पाहिले. छपाई कृष्णधवल होती आणि चित्र जेमतेम वीतभर. पान उघडले होते नेपोलियनच्या ओढीने. पण दृष्टी खिळली ती चित्राच्या तळाशी पडलेल्या, बर्फाने अर्धवट झाकलेल्या प्रेतांवर. सम्राट मागे घोड्यावर बसलेला आणि मेलेले शिपाई मात्र अगदी पुढे, त्याच्याहून कितीतरी मोठे. ज्या सम्राटाने आपल्या विजयाचे स्मारक म्हणून हे चित्र काढवून घेतले, त्याच्याच चित्रात प्रेतांना एवढे मोठे स्थान कसे मिळाले, हा प्रश्न तेव्हा पडला तो पुढे सुटला नाही. त्याचे उत्तर शोधता शोधता अँत्वान झाँ ग्रो या फ्रेंच चित्रकाराच्या आयुष्याची ओळख झाली. आणि स्वतः अध्यापनाच्या व्यवसायात पडल्यावर त्या आयुष्याचा उत्तरार्ध मनाला अधिकच लागून राहिला. शताब्दीच्या या प्रसंगी ती कथा सभासद वाचकांपुढे ठेवत आहे.

ग्रोचा जन्म १६ मार्च १७७१ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील दोघेही लघुचित्रे काढणारे होते. तळहाताएवढ्या फलकावर माणसाचा चेहरा हुबेहूब उतरवणे हा त्या घराचा व्यवसाय होता. वयाच्या सहाव्या वर्षीच वडिलांनी मुलाच्या हाती पेन्सिल दिली. चौदाव्या वर्षी तो झाक लुई दाविद या चित्रकाराच्या चित्रशाळेत दाखल झाला. तो काळ दाविदच्या उत्कर्षाचा होता. ग्रीक व रोमन इतिहासातील त्याग, शौर्य आणि देशनिष्ठा हे त्याचे विषय. रेखेचा काटेकोरपणा, संगमरवरी शिल्पाप्रमाणे रेखीव शरीरे आणि भावनेवर बुद्धीचा अंकुश ही त्याची शिस्त. झिरोदे आणि झेरार हे पुढे प्रसिद्धीस आलेले चित्रकार याच शाळेतले. या सर्वांत ग्रोची गुरुभक्ती काही वेगळीच होती. गुरूचा शब्द त्याने आयुष्यात कधी खाली पडू दिला नाही, आणि त्याच्या आयुष्याची शोकांतिका झाली ती यामुळेच.

१७९१ साली वडील वारले. राज्यक्रांतीच्या उलथापालथीत घराची आर्थिक स्थिती खालावली होती. १७९२ मध्ये रोमच्या शिष्यवृत्तीच्या स्पर्धेत तो उतरला, पण यश आले नाही. पुढल्याच वर्षी, पॅरिसमध्ये संशयाचे आणि गिलोटिनचे राज्य सुरू झाले असता, दाविदच्या मदतीने परवाना मिळवून तो इटलीला निघून गेला. गेला तो आठ वर्षे परतला नाही. जिनोव्हा शहरात त्याने बराच काळ काढला. लहानमोठी व्यक्तिचित्रे करून तो पोट भरी. आणि फावल्या वेळात फ्लेमिश चित्रकार रूबेन्स याची चित्रे पाहत राही. दाविदच्या शाळेत रेषेला जेवढा मान, तेवढा रूबेन्सच्या चित्रांत रंगाला. तेथे मांस उष्ण वाटते, घोडे फुरफुरतात, वस्त्रे वाऱ्यावर फडफडतात. या दोन घराण्यांचा झगडा त्या तरुणाच्या मनात तेव्हापासूनच सुरू झाला असावा.

१७९६ च्या अखेरीस नशिबाने त्याला हात दिला. बोनापार्टची पत्नी जोझेफीन जिनोव्ह्यास आली असता तिची व ग्रोची ओळख झाली आणि ती त्याला आपल्याबरोबर मिलानला घेऊन गेली. आर्कोलाच्या लढाईला तेव्हा थोडेच दिवस झाले होते. सत्तावीस वर्षांच्या त्या सेनापतीचे चित्र काढण्याची परवानगी ग्रोला मिळाली. पण सेनापती एका जागी बसेल तर ना! शेवटी जोझेफीनने पतीला आपल्या मांडीवर बसवून घेतले आणि तेवढ्या अवधीत ग्रोने चेहरा टिपून घेतला, अशी हकिकत सांगतात. त्यातून साकार झालेले चित्र जगप्रसिद्ध आहे. एका हातात निशाण, दुसऱ्या हातात नंगी तलवार, केस वाऱ्यावर उडत आहेत, शरीर पुढे झेपावते आहे आणि मान मागे वळून सैनिकांना बोलावते आहे. प्रत्यक्षात त्या चढाईत पूल सर झाला नव्हता आणि बोनापार्ट बाजूच्या दलदलीत पडून कसाबसा वाचला होता. परंतु लोकांच्या मनात पूल उभा राहिला तो ग्रोने रंगवलेलाच. बोनापार्टला चित्राची ही शक्ती ताबडतोब कळली. त्याने ग्रोला सैन्यात तपासनिसाची जागा दिली. तसेच इटलीतून पॅरिसला न्यावयाच्या कलाकृती निवडणाऱ्या मंडळावरही त्याला नेमले. ज्या चित्रांपुढे बसून तो शिकला, तीच जेत्यांच्या वतीने निवडून काढण्याचे काम त्याच्या वाट्याला आले.

सैन्याबरोबर राहिल्याने युद्ध त्याने जवळून पाहिले. १८०० साली ऑस्ट्रियन सैन्याने व इंग्रजांच्या आरमाराने जिनोव्ह्याला वेढा घातला, तेव्हा सेनापती मासेना याच्या फौजेबरोबर ग्रोही शहरात अडकला होता. एप्रिलपासून जूनच्या आरंभापर्यंत हा वेढा चालला. धान्य संपले, घोडी-कुत्री खाऊन झाली, तापाची साथ पसरली, रस्तोरस्ती माणसे मरून पडू लागली. खंगलेल्या देहाने ग्रो त्यातून बाहेर पडला आणि १८०१ च्या सुमारास पॅरिसला परतला. दाविदच्या इतर शिष्यांनी शूरांचे मृत्यू प्लूटार्कच्या ग्रंथात वाचले होते. ग्रोने उपासमारीने आणि साथीने मेलेली माणसे पाहिली होती. त्याच्या पुढील चित्रांचे रहस्य मला येथे दिसते.

पॅरिसला येताच नाझारेथच्या लढाईच्या चित्रासाठी जाहीर झालेली स्पर्धा त्याने जिंकली. ज्यूनो या सेनानीने मूठभर शिपायांनिशी तुर्की घोडदळाला तोंड दिल्याचा तो प्रसंग होता. ग्रोचा कच्चा आराखडा आजही नाँत येथील संग्रहालयात आहे. धूळ, धूर आणि घोड्यांच्या गर्दीने तो भरलेला आहे. मोठे चित्र मात्र झालेच नाही. ज्यूनोचा एवढा गौरव बोनापार्टला रुचला नाही, असे तेव्हापासून बोलले जाते. त्याऐवजी ग्रोकडे दुसरे काम आले, ते जाफाच्या प्लेगचे.

या कामामागे राजकारण होते. मार्च १७९९ मध्ये पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील जाफा शहर फ्रेंचांनी जिंकले आणि शरण आलेल्या हजारो कैद्यांची कत्तल केली. लगेचच फौजेत प्लेग पसरला. बोनापार्टने ११ मार्च रोजी रुग्णालयाला भेट दिली हे खरे. पण पुढे माघार घेताना आपल्याच आजारी शिपायांना त्याने अफू देऊन मारविले, अशी बातमी इंग्रजांनी युरोपभर पसरविली. १८०४ साली तो सम्राट होण्याच्या बेतात होता. अशा वेळी हा डाग पुसून काढणारे चित्र त्याला हवे होते. ग्रोने सुमारे सव्वापाच मीटर उंच व सात मीटरांहून अधिक रुंद असा अवाढव्य पट काही महिन्यांतच पुरा केला.

मागे नालाकृती कमानींची ओवरी, पलीकडे शहराच्या भिंती आणि त्यांवर फडकणारे फ्रेंच निशाण. मध्यभागी बोनापार्ट हातमोजा काढून एका रोग्याच्या काखेतील गाठीला उघड्या बोटांनी स्पर्श करीत आहे. मागचा अधिकारी नाकातोंडाला रुमाल लावून उभा आहे आणि डॉक्टर सेनापतीला आवरू पाहत आहे. संताने स्पर्शाने रोग बरा करावा तशी ही रचना आहे. येथपर्यंत चित्र मालकाच्या मर्जीबरहुकूम झाले आहे. पण उजवीकडच्या कोपऱ्यात पाहावे. दृष्टी गेलेला एक शिपाई खांबाला चाचपडत पुढे सरकतो आहे. एक लष्करी डॉक्टर रोग्याचे डोके मांडीवर घेऊन स्वतःच प्राण सोडतो आहे. अंधारात पडलेल्या उघड्या देहांवर मरणाची हिरवट छटा आहे. ग्रो जाफाला कधीच गेला नव्हता. हे देह त्याने जिनोव्ह्यात पाहिले असले पाहिजेत. सेनापतीवर प्रकाश पडला आहे खरा, परंतु तेथे गेलेली नजर पुन्हा त्या कोपऱ्याकडे ओढली जाते.

१८०४ च्या सरकारी प्रदर्शनात या चित्राचे अपूर्व स्वागत झाले. तरुण चित्रकारांनी चित्राच्या चौकटीवर हिरव्या फांद्या व माळा चढविल्या आणि ग्रोच्या सत्कारार्थ मेजवानी दिली. तिला खुद्द दाविद उपस्थित होता. शिष्याला याहून मोठा दिवस तो कोणता? त्यानंतर १८०६ मध्ये अबुकीरच्या लढाईचे, जवळजवळ दहा मीटर रुंदीचे चित्र आले. त्यात सेनापती म्यूरा हा नायक आहे.

आणि मग आयलाऊ. ७ व ८ फेब्रुवारी १८०७ रोजी पूर्व प्रशियातील या गावाजवळ नेपोलियन व रशियन सैन्य यांची बर्फाच्या वादळात गाठ पडली. दोन्ही बाजूंची हजारो माणसे पडली आणि निर्णय काहीच लागला नाही. रशियन मागे हटले म्हणून त्याला विजय म्हणायचे, इतकेच. पॅरिसमध्ये कुजबुज सुरू झाली. तेव्हा राजकीय संग्रहालयांचा प्रमुख दनाँ याने स्पर्धा जाहीर केली. विषय नेमून दिलेला होता : लढाईच्या दुसऱ्या दिवशी सम्राट रणभूमी पाहण्यास येतो आणि जखमी शत्रूलाही दया दाखवितो. २६ चित्रकारांनी आराखडे पाठविले. दनाँच्या आग्रहामुळे ग्रो स्पर्धेत उतरला आणि जिंकला. बक्षीस होते १६,००० फ्रँक. सम्राटाने त्या दिवशी घातलेला लोकरी अस्तराचा डगला आणि टोपी नमुन्यादाखल ग्रोकडे पाठविण्यात आली. ती त्याने जन्मभर जपून ठेवली.

चित्र १८०८ मध्ये प्रदर्शित झाले. फिकट घोड्यावर बसलेला नेपोलियन, चेहरा पांढुरका, नजर वर लागलेली, एक हात किंचित उचललेला. तो हात आशीर्वादाचा की हताशपणाचा, हे निश्चित सांगता येत नाही. शेजारी म्यूरा आपल्या झगमगीत पोशाखात ऐटीने घोडा नाचवीत आहे आणि तो पोशाख त्या जागी अगदी विशोभित दिसतो. मागे मैलोगणती बर्फ, धुराचे लोट आणि काळ्या रांगांसारख्या दिसणाऱ्या पलटणी. पुढे, अगदी पाहणाऱ्याच्या पायाशी, गोठलेल्या प्रेतांचा ढीग. त्यांचे चेहरे खऱ्या माणसांच्या चेहऱ्यांहूनही मोठे रंगविले आहेत. प्रेक्षक सम्राटापर्यंत पोहोचतो तो त्यांना ओलांडूनच. प्रेते दाखवावीत हे स्पर्धेच्या अटींतच होते, कारण दया दाखवायची तर दुःख दाखवणे भाग होते. पण ती अशी दाखवावीत हे कोणी सांगितले नव्हते. तेवढा भाग ग्रोचा स्वतःचा होता. नेपोलियनने मात्र चित्राची कदर केली. प्रदर्शनात आला असता त्याने आपल्या छातीवरील सन्मानचिन्ह काढून ग्रोला दिले, असे सांगितले जाते. तरुणपणी ग्रंथालयात पडलेल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे, की विजयाचे चित्र काढण्याची आज्ञा ग्रोने पाळली आणि पाहिलेलेही लपविले नाही.

१८११ मध्ये पॅरिसच्या संत जनव्हिएव्हच्या मंदिराचा, म्हणजेच पाँतेआँचा, घुमट रंगविण्याचे काम त्याच्याकडे आले. फ्रान्सच्या चार राजघराण्यांचे प्रतिनिधी संतेच्या सान्निध्यात दाखवायचे होते आणि त्यांत चौथा नेपोलियन होता. १८१४ मध्ये साम्राज्य कोसळले. नेपोलियनच्या जागी अठरावा लुई रंगवावा असे ठरले. १८१५ मध्ये नेपोलियन एल्बाहून परतला, तेव्हा पुन्हा तो घुमटावर चढला. आणि वॉटर्लूनंतर पुन्हा उतरला. अखेर १८२४ मध्ये घुमट पुरा झाला तो लुईसह, आणि दहाव्या चार्ल्सने ग्रोला बॅरन ही पदवी दिली. ज्या हाताने आर्कोलाचे निशाण रंगविले, त्याच हाताने १८१५ साली राजवाडा सोडून रात्री पळून जाणारा लुईही रंगविला. पोटासाठी आणि मानासाठी त्याने राजवटी बदलल्या, हा आरोप त्याच्यावर झाला व तो अगदीच निराधार नाही. पण खरा घाव दुसरीकडून आला.

सोळाव्या लुईच्या देहदंडाच्या बाजूने मत देणाऱ्या दाविदला १८१६ साली देशत्याग करावा लागला. तो ब्रुसेल्सला गेला आणि जाताना आपली चित्रशाळा ग्रोच्या स्वाधीन करून गेला. ग्रोने ती ठेव मानली. गुरूला परत आणण्यासाठी त्याने खटपट केली. दाविदने क्षमायाचना करण्याचे नाकारले. मात्र ब्रुसेल्सहून त्याची पत्रे येत राहिली. कोट, बूट आणि तलवारी यांची प्रासंगिक चित्रे पुरे झाली, आता प्लूटार्क वाचावा, खरी ऐतिहासिक चित्रे काढावीत, वय उलटून चालले, पुढच्या पिढ्या तेच मागतील, अशा आशयाचा त्यांतील उपदेश होता. जाफा आणि आयलाऊ ही गुरूच्या लेखी प्रासंगिक चित्रे ठरली. आणि सर्वांत दुःखाची गोष्ट अशी, की शिष्याने ते खरे मानले.

गंमत पाहा. याच काळात पॅरिसमधील तरुण चित्रकार ग्रोच्या जुन्या चित्रांपुढे नतमस्तक होत होते. जेरिकोने नाझारेथच्या आराखड्याची नक्कल करून घेण्यासाठी पैसे मोजले होते, असे सांगतात; त्याच्या १८१९ च्या तराफ्याच्या प्रसिद्ध चित्रात पुढे पडलेली प्रेते जाफाच्या कुळातली आहेत. १८२२ मध्ये देलाक्र्वा या चोवीस वर्षांच्या मुलाचे पहिले मोठे चित्र प्रदर्शनात आले. चौकटीला पैसे नव्हते म्हणून त्याने साध्या पट्ट्या ठोकल्या होत्या आणि त्याही मोडल्या. ग्रोने स्वतः लक्ष घालून त्या चित्राला चांगली चौकट करवून दिली आणि मुलाला आपल्या चित्रशाळेत बोलावले. बूर्बाँ राजवटीत नेपोलियनची चित्रे लोकांसमोर ठेवण्याची सोय नसल्याने ते भव्य पट तेथेच पडून होते. त्यांच्या सहवासात देलाक्र्वाला त्याने कित्येक तास एकट्याला सोडले. तो अनुभव देलाक्र्वा कधी विसरला नाही. परंतु ग्रोने शिष्य होण्यास सुचविले तेव्हा त्याने ते नम्रपणे नाकारले. आणि दोनच वर्षांनी किऑसच्या कत्तलीचे चित्र घेऊन तो आला, तेव्हा ग्रोने त्यावर कडक शब्दांत टीका केली. ती टीका गुरूच्या वतीने केलेली होती. कारण त्या चित्राचे मूळ त्याच्या स्वतःच्याच जाफात होते, हे त्याला कळत नसेल असे कसे म्हणावे?

१८२४ च्या डिसेंबरात झिरोदे वारला. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी जमलेल्या चित्रकारांपुढे ग्रोने डोळ्यांत पाणी आणून कबुली दिली, की नव्या पिढीच्या बेशिस्तीला आपणच जबाबदार आहोत, गुरूची शिस्त सोडण्याचा वाईट पायंडा प्रथम आपणच पाडला. ज्या गुणासाठी तरुण त्याला मानत होते, तोच त्याने अपराध म्हणून कबूल केला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस दाविदही ब्रुसेल्समध्ये निवर्तला. आता शब्द परत घेणारेही कोणी उरले नाही.

शिक्षक म्हणून ग्रो मोठा होता. त्याच्या हाताखाली शेकडो विद्यार्थी शिकले : दलारोश, इंग्रज निसर्गचित्रकार बॉनिंग्टन, प्राण्यांची शिल्पे करणारा बारी, नेपोलियनच्या शिपायांची चित्रे घराघरांत पोहोचविणारा शार्ले, आणि पुढे माने या युगप्रवर्तक चित्रकाराचा शिक्षक झालेला कुत्यूर. ही नावे पाहिली तर एकाच्या कामाचे दुसऱ्याशी साम्य नाही. शाळेत दाविदची शिस्त शिकविली जाई हे खरे. तरी प्रत्येकाला आपली वाट सापडली. वाट सापडली नाही ती फक्त त्यांच्या शिक्षकाला.

गुरूची आज्ञा शिरसावंद्य मानून त्याने पुराणकथांची चित्रे हाती घेतली. १८३५ च्या प्रदर्शनात हर्क्युलीस व डायोमिडीस यांचे मोठे चित्र त्याने मांडले. आज ते तुलूझच्या संग्रहालयात आहे. स्नायू आहेत, नियम आहेत; जाफाची ती धग नाही. टीकाकारांनी निर्दयपणे त्याची टर उडविली आणि त्याला जिवंतपणीच मेलेल्यांत जमा केले. विद्यार्थी पांगू लागले होते. १८०९ मध्ये झालेल्या विवाहातून सुख लाभले नव्हते, मूलबाळ नव्हते. जून १८३५ अखेरीस चौसष्ट वर्षांचा हा चित्रकार घरातून निघाला आणि पॅरिसबाहेर मदाँजवळ सेन नदीच्या उथळ पाण्यात त्याने देह टाकला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३७ मध्ये, व्हर्सायच्या राजवाड्यात फ्रान्सच्या इतिहासाचे भव्य संग्रहालय उघडले आणि ग्रोच्या युद्धचित्रांना तेथे मानाची जागा मिळाली. १८४८ साली देलाक्र्वाने त्याच्यावर विस्तृत लेख लिहून आपले ऋण मान्य केले. जाफा आणि आयलाऊ आज लूव्र संग्रहालयात आहेत. दाविदने सांगितलेल्या पुढच्या पिढ्या आल्या; त्यांनी मागितली ती कोट आणि बूट घातलेली माणसेच.

एकलव्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेथे द्रोणाचार्यांनी अंगठा मागितला तो दुसऱ्या शिष्याच्या हितासाठी. दाविदने मागितले ते ग्रोच्याच हितासाठी, त्याच्यावरील मायेपोटी. म्हणूनच ही कथा वाचताना शिष्याइतकाच गुरूचाही विचार मनात येतो. तीस वर्षे वर्गात उभे राहून मी मुलांच्या निबंधांवर तांबडी शाई चालविली आहे. त्यांतल्या एखाद्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले काही लिहिले असेल, आणि ते नियमात बसत नाही म्हणून मी खोडले असेल, ही शंका मला ग्रोमुळे आली. ती आल्यापासून लेखणी थोडी सावकाश चालते.

ते जाडजूड ग्रंथ अजून त्याच कपाटात आहेत. सभासदांनी सवडीने आयलाऊचे पान अवश्य उघडावे, आणि नेपोलियनकडे पाहण्यापूर्वी चित्राच्या तळाशी पाहावे.